मुलीने मलावीत मुलगा पसंत केलाय

प्रश्न : माझी मुलगी डॉक्टर आहे. एमडी झाल्यावर दोन वर्षांसाठी म्हणून आफ्रिकेत, दक्षिण मलावीत गेली, आता चौथं वर्ष चालू आहे. एचआयव्हीच्या रुग्णांवर उपचार करते. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, बरोबर काम करणाऱ्या एकाशी लग्न करायचंय. तो तिथलाच. डॉक्टरही नाही, ‘क्लिनिकल ऑफिसर’ आहे. विधुर, पहिली बायको एड्सने गेली. ह्यांनी त्या दिवसापासून तिचा फोन घेणं सोडलंय. म्हणतात, ‘मरण बघून बघून पोरीचं डोकं फिरलंय, हे प्रेम नव्हे, कणव आहे.’ मला झोप लागत नाही. त्याला रोग नसेल कशावरून? तुम्ही त्या देशात काम केलंय म्हणून विचारते.
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ‘आमचे हे’ म्हणजे निवृत्त क्लिनिकल ऑफिसर, जन्म मलावीतल्या थ्योलो जिल्ह्यातला (म्हणायचं मात्र ‘चोलो’). मराठी बऱ्यापैकी समजतं, चिडल्यावर बोलताही येतं. त्यांनी एकच विचारलं, ‘डॉक्टर नाही म्हणजे काय?’ तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

मलावीत डॉक्टर फार थोडे. जिल्ह्याचं रुग्णालय चालतं ते क्लिनिकल ऑफिसरांच्या जिवावर. तीन वर्षांचं शिक्षण, वर एक वर्ष इंटर्नशिप, आणि मग रात्री दोन वाजता सिझेरियन करायला तोच उभा. मी एमडीची पदवी घेऊन गेले होते. पहिल्या महिन्यात मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीतून पाणी काढताना माझा हात दोनदा चुकला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या ह्या माणसाने काही न बोलता रुग्णाचे गुडघे आणखी थोडे पोटाशी दाबून धरले. तिसऱ्यांदा सुई बरोबर गेली. आपल्याकडे पदवीवरून पंगत ठरते, म्हणून सांगितलं.

आता कणव. मी गेले 2004 साली, अडतिसाव्या वर्षी, एक मोडलेलं लग्न मागे टाकून. त्याच वर्षी मलावी सरकारने एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सरकारी दवाखान्यांतून फुकट द्यायला सुरुवात केली. त्याच्या चार वर्षं आधी ह्याच उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत होते. 2001च्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईच्या सिप्ला ह्या औषध कंपनीने तीन औषधं मिळून वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि सगळं चित्र पालटलं. आमच्याकडे यायची ती ट्रायोम्यून, एका गोळीत तिन्ही औषधं. पहिल्यांदा डबी हातात घेतली आणि तिच्यावर ‘मुंबई सेंट्रल’ असा पत्ता दिसला. चहाच्या मळ्यांच्या त्या मुलखात, पत्र्याच्या छपराखाली उभी राहून मी अशी रडले की नर्सला वाटलं, घरी कोणी गेलं.

लोक पहाटेपासून रांगेत असायचे. कोणी सायकलच्या कॅरियरवर बांधून आणलेलं, कोणी हातगाड्यावर. एकतीस किलोची एक बाई तशीच आली होती. तिसऱ्या महिन्यात ती चितेंजे (कमरेला गुंडाळायचं तिथलं कापड) नेसून, डोक्यावर टोमॅटोची पाटी घेऊन चालत आली आणि माझ्याशी भावावरून भांडली. ताई, तिथे मरण खूप बघितलं, खोटं कशाला बोलू. पण त्या वर्षांत आम्ही माणसं उठून बसलेलीही बघत होतो. कणव रोज वाटून घरी जाणारी माणसं वर्षभरात थकून परत येतात, मी पाहिली आहेत. तुमची मुलगी चौथ्या वर्षीही तिथेच आहे.

आमचं जमलं ते एका सुईमुळे. रात्रपाळी, दिवे गेलेले, टॉर्चच्या उजेडात रक्त काढताना सुई माझ्याच अंगठ्यात गेली. रुग्ण पॉझिटिव्ह. अशा सुईतून लागण व्हायचा धोका हजारात तीन, हे मला पाठ होतं, पण त्या रात्री मला फक्त ते तीनच दिसत होते. ह्यांनी माझा हात नळाखाली धरला, साबणाने धुतला आणि तासाभरात लागण टाळायच्या औषधाची पहिली गोळी दिली. हा कोर्स अठ्ठावीस दिवसांचा. बहात्तर तासांच्या आत सुरू करावा लागतो, आणि मळमळ अशी की पाण्याचा घोटही नको वाटतो.

मलावीत तेव्हा एआरटी सुरू करताना रुग्णाने ‘गार्डियन’ आणायचा असे. म्हणजे घरचं कोणीतरी, जे म्हणेल, गोळी चुकू देणार नाही, मी बघेन. रुग्णाच्या कार्डावर त्यासाठी एक ओळ असायची. आम्ही रोज शंभर जणांना विचारायचो, ‘गार्डियन कोण?’ दुसऱ्या दिवशी ह्यांनी एक कोरं कार्ड काढलं, वर माझं नाव लिहिलं आणि गार्डियनच्या ओळीत स्वतःचं. चेष्टेने नव्हे, चेहरा अगदी ओपीडीतला. मग अठ्ठावीस दिवस, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, हा माणूस दारात. बरोबर थोब्वाची बाटली. मक्याची आंबवलेली पेज असते ती, आपल्या आंबिलीची चुलत बहीण. तेवढीच पोटात टिकायची. मी गोळी गिळेपर्यंत थांबायचा, कार्डावर खूण करायचा आणि जायचा. सहा महिन्यांनी शेवटची तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा मीच म्हटलं, आता दार उघडंच ठेवते.

ह्यांचीही पहिली बायको एड्सनेच गेली, 2002 साली. गोळ्या यायच्या दोन वर्षं आधी. त्या पिढीत मलावीतलं एकही घर मी असं पाहिलं नाही की जिथून कोणी गेलं नव्हतं. तेव्हा ‘बायको एड्सने गेली’ ह्या वाक्यात चारित्र्य शोधू नका. आपल्या सांगली-मिरजेच्या पट्ट्याने नव्वदच्या दशकात काय भोगलं ते तुम्हाला ठाऊक असेल. मी शिकत होते त्या रुग्णालयात अशा रुग्णाचं ताट व्हरांड्यातून काठीने पुढे सरकवायचे. मलावीत ताट काठीने सरकवलेलं मी पाहिलं नाही.

आणि रोगाचं म्हणाल, तर विचारा की! सरळ विचारा, त्यात अपमान नाही. आम्ही दोघांनी एकाच दिवशी तपासणी केली आणि कागद एकमेकांच्या हातात दिले. पत्रिकेपेक्षा उपयोगी. तुमची मुलगी तर रोज तेच काम करते, हे विचारायचं तिला सुचलं नसेल असं मला वाटत नाही. समजा तो पॉझिटिव्ह निघाला, तरी गोळ्या नियमित असतील आणि रक्तात विषाणू सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी धीर द्यायला सांगत नाही. 2011 साली, दोघांपैकी एकच पॉझिटिव्ह असलेल्या 1763 जोडप्यांच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. त्या जोडप्यांत मलावीची होती आणि आपल्या पुण्याचीही. नंतरच्या अभ्यासांत, विषाणू दबलेला असताना जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. मुलंही निरोगी होतात.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टींची, आणि त्या तुम्ही विचारल्याच नाहीत. तिला तिथे एकटेपण येईल. दिवाळीत रडू येईल. नोकरीचा करार संपला की व्हिसाची कटकट सुरू होईल. नात्यातल्या अर्ध्या गावाच्या शाळेच्या फीचा प्रश्न तिच्या दारात येऊन बसेल. ह्यांवर तिच्याशी बोला. वडिलांनी फोन उचलला नाही तर ती हे सगळं बोलणार कोणाशी?

तुम्ही काय करायचं ते सांगते. तिचा मामा असेल तर त्याचा पासपोर्ट काढा. दक्षिण मलावीत बहुतेक ठिकाणी वंश आईकडून चालतो, जावई बहुधा सासुरवाडीच्या गावात राहायला येतो आणि लग्नाची बोलणी करतात ते दोन्हीकडचे ‘अंखोस्वे’, म्हणजे बहुतेक मामाच. मामा आला नाही तर ह्या मुलीला मागेपुढे कोणी नाही असं समजतात. बोलणी पक्की झाली की मुलाकडचे कोंबडा देतात आणि मुलीकडचे कोंबडी. तेच लग्न.

माझा मामा पंढरपूरचा, गळ्यात तुळशीची माळ, जन्मात अंड्याला हात लावलेला नाही. 2006 साली जोहान्सबर्गमार्गे ब्लँटायरला उतरला तो अबीर-बुक्क्यासकट. कोंबडी हातात दिल्यावर तो क्षणभर गांगरला. मग टोपी सारखी केली आणि दोन्ही हातांत, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलावा तशी तिला उचलून समोरच्या मामाच्या ओंजळीत ठेवली. समोरच्या मामाने आपला कोंबडा पाय बांधून उलटा धरला होता. त्याने हे पाहिलं आणि घाईघाईने सुलटा केला.