ठकी फ्रिजवरून उतरली

"ताई, दोघांची दोस्ती कधी होणार?" पाळलेल्या कुत्र्या-मांजरांच्या तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे येतात, त्यात हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतो. घरात आधीपासून मांजर किंवा वयस्क कुत्रा असतो, त्यात नवं पिल्लू येतं. शेजारी सांगतात, आठ दिवसांत सवय होईल. आठ दिवसांत होतं एवढंच, की मांजर माळ्यावर मुक्काम हलवते आणि म्हातारा कुत्रा जेवण सोडतो.

डोंबिवलीतल्या एका घराची गोष्ट सांगते, कारण त्यात या तक्रारीच्या सगळ्या गाठी एकत्र सापडल्या. वन बीएचके, माणसं तीन: निवृत्त काका, काकू आणि कॉलेजातला मुलगा. जिमी हा अकरा वर्षांचा पॉमेरेनियन, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. ठकी पाच वर्षांची मांजर. आणि साडेतीन महिन्यांचा गावठी गुंड्या, मुलाने स्टेशनजवळून उचलून आणला तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांचा. (नाव गुंड्या ठेवायचं आणि वर गुंडगिरीची तक्रार करायची, असो.)

सहा आठवडे हा आकडा महत्त्वाचा. पिल्लं एकमेकांना चावून चावूनच दाताचा जोर आवरायला शिकतात. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. निदान आठ आठवडे ती शाळा हवी. गुंड्याची ती अर्ध्यात सुटली होती, त्यामुळे खेळ आणि हल्ला यांतला फरक समोरच्याला कळावा असं त्याचं वागणंच नव्हतं.

"झोपतो किती?" मी विचारलं.

"झोपतो कुठे! दिवसभर धिंगाणा."

तीन दिवस वहीत लिहायला सांगितलं: झोपला कधी, उठला कधी, भानगड कधी झाली. वही आली तेव्हा झोप भरली दिवसाला साडेदहा तास. या वयाच्या पिल्लाला अठराच्या आसपास लागते. तीन दिवसांत चौदा भानगडी, त्यातल्या दहा संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळात. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, मालिका आणि मुलगा घरी यायची वेळ. दमलेलं पिल्लू गपगार पडत नाही, उधळतं. लग्नघरात रात्री अकराला न झोपलेलं पोर आठवा.

म्हणून पहिले दहा दिवस शिकवणी नाहीच, फक्त झोप. एक तास जागं, दीड-दोन तास झोप, असा दिवस बांधला. बेडरूमच्या कोपऱ्यात पिंजरा, तीन बाजूंनी जुनी चादर. चौथी बाजू मोकळी, कारण दमट हवेत चारी बाजू झाकल्या तर आत भट्टी होते. दार पहिल्याच दिवशी लावून घ्यायचं नाही. जेवण आत, चघळायचं आत, आणि डोळे मिटायला लागले की मग दार. रागाने आत कोंबलं की पिंजरा म्हणजे कोठडी होते, आणि मग तो तिथे झोपणार नाही, रडणार. दात पडायचे दिवस होते, म्हणून सुती फडकं भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि चघळायला द्यायचं. फक्त समोर बसून, कारण चिंध्या गिळल्या तर आतडं अडतं.

दहाव्या दिवशी भानगडी निम्म्यावर आल्या होत्या. काकांना मात्र ते पटलं नव्हतं.

"त्याला कळायला हवं मालक कोण ते. मी त्याला उताणा पाडून धरतो."

"मग?"

"मग... परवा हाताला दात लागला."

लस पुरी न झालेल्या पिल्लाचा दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घरचंच आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. काका लगेच गेले होते, बरं झालं. पण या उताणा पाडण्याचं मूळ सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. 1947 साली प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, तिथून ही 'वरचढ कोण' कल्पना पसरली. ती लोकप्रिय करणाऱ्यांतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. कोंडवाड्यातल्या लांडग्यांवरून डोंबिवलीतल्या पिल्लाचं घर चालवू नये, एवढंच माझं म्हणणं. काका हसले. उताणा पाडणं थांबलं.

जिमीचं दुखणं वेगळंच होतं. तो गुरगुरला की त्यालाच रट्टा मिळायचा, "मोठा ना तू!" म्हणून. डाव्या बाजूने येणारं पिल्लू त्याला दिसतच नव्हतं. एकदम अंगावर काहीतरी आदळायचं. गुरगुरण्याआधी तो तोंड फिरवायचा, जीभ नाकावर फिरवायचा, क्षणभर ताठ व्हायचा, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसायचं. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केलीत तर उद्या तो न सांगता चावेल. मी काकूंना एक मोजमाप दिलं: तासात एकदा गुरगुरला तर ठीक, गुंड्याला मर्यादा कळतेय. तीनदा गुरगुरावं लागलं तर आपल्याला उशीर होतोय, पिल्लाला हाक मारून बाजूला घ्या. जेवण वेगळ्या खोल्यांत, आणि जिमीच्या गोधडीकडे पिल्लाला मज्जाव. जिमीची डॉक्टरांकडून सांधेतपासणीही करून घेतली. दुखणाऱ्या अंगावर उडी पडली तर सोशिकपणा कुठून येणार?

आता ठकी. तिसऱ्या भेटीत मी सोफ्यावर बसून नुसतं ऐकत होते. ठकीने ओट्यावरून खाली पाय ठेवला आणि तिघांनी एका सुरात हाक मारली, "गुंड्याऽऽ!" तो तोवर दोरी कुरतडत होता. हाक ऐकली, मान वर केली, मांजर दिसली, सुटला.

"काकू, त्याला कुणी सांगितलं ठकी आली म्हणून?"

काकू थांबल्या. हातातली पळी तशीच. "अगंबाई. आम्हीच."

मला स्वतःलाही ते इतकं उघडं याआधी दिसलं नव्हतं. या घरात पिल्लाचं नाव दिवसातून शंभरदा घेतलं जात होतं, पण फक्त पाठलागाच्या वेळी. त्याच्या लेखी 'गुंड्या' या शब्दाचा अर्थच 'धाव' असा होता. आणि जेव्हा तो शहाण्यासारखा बसलेला असे, तेव्हा घर चिडीचूप, कारण बसलाय तोवर आपली कामं उरकून घ्या. ओरडा खायला जेवढं लक्ष मिळतं तेवढं गप्प बसायला मिळत नसेल, तर कुठलं पोर गप्प बसेल?

त्या दिवशी नियम झाला: नाव फक्त चांगल्या बातमीसाठी. आणि पुढचा सराव असा.

छातीचा पट्टा आणि दोन मीटरची हलकी सुती दोरी, घरातसुद्धा. दोरीच्या टोकाची धरायची मूठ कापून टाकलेली, म्हणजे खुर्चीच्या पायात अडकत नाही. कुणी लक्ष ठेवून असेल तेवढाच वेळ. उकडलेलं, बिनमिठाचं चिकन किंवा पनीर, वाटाण्याच्या दाण्याएवढे पन्नास तुकडे, आणि तेवढं रोजच्या जेवणातून वजा. ठकी ओट्यावर, गुंड्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला बाल्कनीपाशी. त्याने ठकीकडे पाहिलं की त्याच क्षणी "हां!" आणि तुकडा आपल्या पायाशी. एका वेळेला दहाच, दोन मिनिटांत संपवायचं, दिवसात चार-पाच वेळा. तुकडा घेत नसेल तर तो भुकेला नाही असं नव्हे, अंतर कमी पडतंय. दोन पावलं मागे.

बिघडतं ते इथे. लोक तुकडा आधी दाखवतात, मग तो मांजर नाही, हात पाहतो. दोरी ताणून धरतात, की तो आणखी ओढतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मांजरीला कडेवर घेऊन "बघ हं, ही तुझी ताई" म्हणत पिल्लाच्या नाकाशी नेतात. अडकलेल्या मांजरीचं नख पिल्लाच्या बुबुळात जातं.

ठकीसाठी वरचा रस्ता बांधला: ओटा, फ्रिज, माळा, कपाट, पुन्हा खाली. फ्रिजवर सतरंजीचा तुकडा, कारण गुळगुळीत पत्र्यावर ती बिचकत होती. तिचं खाणं ओट्यावर. स्वयंपाकघराच्या दारात आधी कॅरमबोर्ड आडवा लावून पाहिला. तो धाडकन पडला आणि तिन्ही प्राणी दोन दिवस दाराकडे फिरकेनात. मग लहान मुलांसाठी मिळतं ते जाळीचं दार बसवलं. ठकी त्यावरून उडी मारते, गुंड्या नाही. ठकीच्या शी-शूचं मातीचं घमेलं त्याच दाराच्या आत गेलं. पिल्लं त्यातलं खातात आणि तिथेच दबा धरतात. तसं झालं की मांजर गादीवर मुतते आणि लोक म्हणतात सूड घेतेय. सूड नाही, तिला घमेल्यापर्यंत सुखाने जाता येत नाही. बोका असेल तर जास्त जपा: सारखा घमेल्यात बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

पाचव्या आठवड्यात मी गेले तेव्हा ठकी फ्रिजवरून ओट्यावर, ओट्यावरून जाळीच्या दारावर, तिथून हॉलमध्ये उतरली. हॉल ओलांडून खिडकीकडे चालली, पळाली नाही. गुंड्याचे कान ताठ, मागचे पाय गोळा झालेले. दोरी जमिनीवर सैल. मुलगा हाक मारणार तोच काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं. एक, दोन, तीन सेकंद. मग गुंड्याने मान वळवली आणि काकूंच्या तोंडाकडे पाहिलं.

"हां!" काकूंचा आवाज फुटला. तुकडे एकामागून एक पाच दिले. माझ्या वहीत त्या दिवसापुढे फक्त 'वळला' एवढंच लिहिलंय.

गणपतीत घसरलं. दारात पाहुणे, दोरी सुटलेली, कुणीतरी आरडाओरडा केला, आणि ठकी दीड दिवस माळ्यावर. एका पाठलागाची मजा आठवडाभराच्या तुकड्यांना भारी पडते. पुन्हा बाल्कनीपासून सुरुवात केली, या खेपेला सहा दिवसांतच जमलं. सहा-आठ महिन्यांच्या वयात हे आणखी एकदा होईल, तेही सांगून ठेवलं. पाहुणे असतील तेव्हा पिल्लू पिंजऱ्यात, चघळायला देऊन.

परवा काकूंचा फोन आला. "दोस्ती नाही हो झाली अजून. ठकी त्याच्या वाडग्यातलं पाणी पिते आणि तो लांब बसून बघत राहतो. दोरी काढू का?"

चार आठवडे सलग एकही पाठलाग नाही, असं वहीत दिसलं की काढा म्हटलं. आधी फक्त सकाळी, जेवण झाल्यावर, एकाच खोलीत.