वाडगा पुढे आल्यावर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

चीनला जाण्याचे तुझे नक्की झाले आणि तिथले जे जे अनोखे मिळेल ते खाऊन पाहायचे तू ठरवले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. एकच सांगणे आहे. पर्यटकांच्या बाजारात काडीला टोचलेला विंचू खाऊन फोटो काढण्यात वेळ घालवू नकोस. त्या गावची माणसे कामावर जाण्यापूर्वी जे खातात ते शोध आणि ती ज्याच्या जोडीने खातात, त्याच जोडीने खा.

हे मला बीजिंगमध्ये उमगले. मुगातले पीठूळ (स्टार्च) काढून झाल्यावर जे पाणी उरते, ते आंबवून आणि उकळून तिथे 'दोउझ' नावाचे पेय करतात. त्याचा रंग करडा-हिरवट असतो आणि वास नाकात शिरताच पुढचा घोट घ्यावासा वाटत नाही. मीही पहिल्याच घोटाला वाडगा खाली ठेवला होता. शेजारी बसलेल्या आजोबांनी ते पाहिले आणि काही न बोलता आपल्या बशीतले बारीक चिरलेले खारवलेले लोणचे माझ्याकडे सरकवले. मग तळलेल्या पिठाचे एक कुरकुरीत कडे मोडून माझ्या हातात ठेवले. एक घोट, चिमूटभर लोणचे, कड्याचा एक तुकडा, असे त्यांच्या पाठोपाठ खात गेल्यावर आंबटपणाचा अर्थ लागू लागला. ज्यांच्या घरात सुके बोंबील भाजले जातात, त्यांना वास आणि चव यांतले अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सिचुआनला गेलास तर तिथल्या मिरीसारख्या दाण्यांनी जीभ बधिर होईल, घाबरू नकोस. आपल्याकडे बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ त्याच कुळातले आहे, आणि दोन्हीकडे बी टाकून सालच वापरतात. ग्वेइचौ प्रांतात 'झअरगन' नावाची पांढरी मुळे तिखट आणि व्हिनेगर लावून कोशिंबिरीसारखी खातात. त्यांना कच्च्या माशासारखा उग्र दर्प असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी ती आवडतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. तीन जेवणांत थोडी थोडी खा आणि मगच मत बनव. युन्नान प्रांतातल्या दाली शहरात 'बाई' नावाच्या अल्पसंख्याक समाजाचे लोक शेळीच्या दुधाचे पनीर तव्यावर परततात. ते तुला पहिल्याच घासाला आवडेल.

युन्नानमध्येच एका बाबतीत मात्र धाडस करायचे नाही. तिथे पावसाळ्यात रानातल्या अळंब्यांचा हंगाम असतो. त्यांतली 'ज्यानशोउछिंग' ही अळंबी कापताच निळी पडते. ती चवीला उत्तम, पण कच्ची राहिली तर उलट्या होतात आणि नसलेल्या गोष्टीही दिसू लागतात. म्हणून खुनमिंगमधल्या कित्येक खानावळींत रश्शाचे भांडे उकळायला ठेवून शेजारी वेळ लावलेले घड्याळ ठेवतात आणि ती वेळ पूर्ण होईपर्यंत चॉपस्टिक्सही हाती देत नाहीत. कितीही भूक लागली असली, तरी तिथे वाढणाऱ्या बाईंचेच ऐक.

तुझा शुभचिंतक