सेशनमध्ये जुनी जखम उघडली तर कोचने काय करायचं?

लाइफ कोच, करिअर कोच आणि एक्झिक्युटिव्ह कोच म्हणून काम करणाऱ्या वाचकांनी ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’, म्हणजे मानसिक आघाताचं भान ठेवून काम करण्याच्या, प्रशिक्षणाबद्दल विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी आयसीएफ या कोचच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पीसीसी प्रमाणपत्र असलेली कोच आहे. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड कोर्स केला, की आघातातून गेलेल्या क्लायंटबरोबर काम करता येईल का? (पुणे)

असे क्लायंट तुमच्याकडे आजही येत असणार, फक्त ते तसं सांगत नाहीत. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा जो प्रसिद्ध अभ्यास आहे, ज्याचा पहिला अहवाल १९९८ मध्ये आला, तो अमेरिकेतल्या सॅन डिएगोमधल्या सतरा हजारांवर लोकांचा होता. आरोग्य विमा असलेली, बहुतांशी मध्यमवर्गीय, शिकलेली माणसं. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांनी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईवर होणारी हिंसा अशांपैकी किमान एक अनुभव असल्याचं सांगितलं. कोचची फी परवडणारा वर्ग साधारण असाच असतो. म्हणून ‘माझ्याकडे तसे क्लायंट नाहीत’ असं धरून चालूच नका.

कोर्स तुम्हाला उपचार करायला शिकवत नाही. अमेरिकेच्या ‘सॅमसा’ या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये या कामाची चार सूत्रं मांडली : आघात किती सर्रास असतो आणि तो माणसाला कसा बदलतो हे जाणणं, त्याच्या खुणा ओळखणं, त्यानुसार आपल्या कामाची पद्धत बदलणं आणि आपल्याकडून नव्याने जखम होऊ न देणं. यात ‘बरं करणं’ कुठेही नाही. पीसीसीसाठी तुम्ही १२५ तासांचं शिक्षण आणि ५०० तासांचं कोचिंग पूर्ण केलं असेल, पण त्यातून पीटीएसडीवर, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकारावर, उपचार करण्याची पात्रता मिळत नाही. ती ट्रॉमाच्या कोर्सनेही मिळत नाही.

व्यवहारात बदलतात ते तुमचे रोजचे व्यायाम आणि प्रश्न. ‘लाइफलाइन’चंच घ्या. जन्मापासून आजपर्यंतची रेषा काढा, चढउतार दाखवा, मग सगळ्यात खोल बिंदूबद्दल बोला, असं आपण सहज सांगून जातो. दहा मिनिटांत माणूस थेट आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवसापाशी उभा राहतो, तेही सहकाऱ्यांसमोर. त्याऐवजी रेषा गेल्या पाच वर्षांच्या नोकरीपुरती ठेवा, व्यायामाची कल्पना आठवडाभर आधी द्या, ‘कोणताही बिंदू रिकामा ठेवला तरी चालेल’ हे तोंडी सांगा आणि गटात कागद दाखवायची सक्ती करू नका. ‘असं पहिल्यांदा कधी वाटलं होतं?’ हा प्रश्न तर मी काढूनच टाकायला सांगेन. कोचिंगमध्ये त्याने हाती फार काही लागत नाही आणि तो हमखास मागे ओढतो.

आणखी एक. क्लायंटने गृहपाठ केला नाही, वेळ तीनदा बदलली, प्रत्येक गोष्टीला ‘हो, चालेल’ म्हणाला, की त्याची बांधिलकी कमी आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो. टाळणं आणि मान डोलावणं या अनेकदा जीव वाचवायला लागलेल्या सवयी असतात. अशा वेळी आव्हान वाढवू नका, काम लहान करा.

प्रश्न : बोलता बोलता क्लायंट अचानक गप्प झाली, नजर एका जागी लागली, आवाज लांबून आल्यासारखा वाटू लागला. मी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, तर ती जास्तच घाबरली. का? (ठाणे)

मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी १९९९ मध्ये ‘सहनशक्तीची खिडकी’ ही कल्पना मांडली. तिच्या आत असताना माणूस एकाच वेळी विचार करू शकतो आणि भावनाही अनुभवू शकतो. खिडकीच्या वर गेला, की बोलणं भरभर होतं, तळहात घामेजतात, नजर दाराकडे जाते. खाली गेला, की तुम्ही वर्णन केलंत तसं होतं : सुन्नपणा, संथ उत्तरं, ‘माहीत नाही’. हा दुसरा प्रकार कोचच्या नजरेतून निसटतो, कारण क्लायंट शांत दिसते. कित्येक कोच त्याला ‘खोल चिंतन’ समजून आणखी दोन मिनिटं थांबतात.

डोळे मिटले, की खोली दिसेनाशी होते आणि आठवण तेवढी उरते. श्वासाकडे लक्ष दिलं, की धडधडणारी छाती आणखी जाणवते. ज्या व्यक्तीचा कधी गळा दाबला गेला, तिला श्वास हीच आठवण असते. शिवाय घाबरलेला माणूस ‘दीर्घ’ श्वास भराभरा घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तिला वाटतं, आता काहीतरी होणार.

त्याऐवजी विषय तिथेच सोडा. आवाज खाली आणा आणि वाक्यं छोटी करा : ‘आपण इथे थांबू. आत्ता त्याबद्दल बोलायची गरज नाही.’ मग तिला खोलीत परत आणा, डोळे उघडे ठेवूनच. पाय जमिनीवर टेकलेले जाणवतात का, खिडकीतून काय दिसतंय, इथे निळ्या रंगाच्या किती वस्तू आहेत, असं विचारा. गार पाण्याचा ग्लास हातात द्या. उभं राहून दोन पावलं चालायचंय का, असंही विचारता येतं. स्पर्श करू नका, खांद्यावर हातसुद्धा नाही. दार आणि तिची खुर्ची यांच्या मध्ये तुमची खुर्ची असेल तर ती बाजूला घ्या. ‘काय आठवलं?’ हे विचारायचा मोह होईल, पण ते उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही आणि सांगण्याची किंमत तीच मोजणार.

उत्तरं पुन्हा नेहमीच्या वेगाने येऊ लागली, की पंधराएक मिनिटं साध्या गोष्टींवर बोला. घरी कशी जाणार? लगेच स्कूटरवर बसू देऊ नका. संध्याकाळी सोबत कोण आहे? उद्या मी फोन केला तर चालेल का? आणि सेशन ठरलेल्या उद्दिष्टाकडे परत नेण्याची घाई करू नका, तो तास गेला तर जाऊ दे. नोंद करताना जे दिसलं तेवढंच लिहा : ‘बोलणं थांबलं, सहा-सात मिनिटांनी पूर्ववत.’ ‘पीटीएसडी’, ‘डिसोसिएशन’ (भान तुटणं) असं निदान लिहिणं तुमच्या अधिकारात बसत नाही.

प्रश्न : थेरपिस्टकडे जा म्हटलं, की क्लायंट दुखावतो आणि परत येत नाही. (नाशिक)

कारण तो विषय पहिल्यांदा निघतो तोच अडचणीच्या क्षणी. पहिल्याच भेटीत, करार करताना सांगून ठेवा : ‘काही गोष्टी माझ्या कामाच्या बाहेरच्या असतात. तसं वाटलं तर मी स्पष्ट सांगेन आणि योग्य व्यक्ती शोधायला मदत करेन.’ मग नंतरचं वाक्य नकार वाटत नाही. ते असं असू शकतं : ‘तीन भेटींत तुम्ही झोप लागत नसल्याचं आणि ती घटना डोळ्यांपुढे येत असल्याचं सांगितलंत. यासाठी प्रभावी उपचार आहेत, पण ते मला येत नाहीत. ते सुरू असताना नोकरीबदलाचं आपलं काम चालू ठेवायचं की थांबवायचं, ते तुम्ही आणि तुमचे थेरपिस्ट ठरवा.’

हाताशी तीन-चार नावं आधीच असावीत, त्यांच्या फीसकट. औषधांची गरज वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. बोलून होणाऱ्या उपचारासाठी, म्हणजे थेरपीसाठी, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, ती विचारून घ्या. समुपदेशकांची पातळी फार कमीजास्त असते, म्हणून ट्रॉमाचं प्रशिक्षण आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाची देखरेख, आहे का, हे थेट विचारा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोललं, तर वाट पाहू नका : तसा विचार आहे का हे सरळ शब्दांत विचारा, एकटं सोडू नका, घरच्या माणसाला बोलवा, धोका तातडीचा असेल तर ११२.

प्रश्न : आमच्या कारखान्यात अपघातात एक कामगार गेला. सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करा, असं एचआर म्हणतंय. मी कंपनीचा कोच आहे. (चाकण)

नका करू. घटनेनंतर लगेच एकेकाला एकाच बैठकीत सगळं बोलतं करायच्या पद्धतीचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २००२ मध्ये आढावा घेतला, तेव्हा तिने पीटीएसडी टळतो असं दिसलं नाही. एका अभ्यासात तर वर्षभरानंतर अशी बैठक झालेल्यांमध्येच धोका जास्त आढळला. गटात तर ज्याने प्रेत पाहिलं नव्हतं, त्याच्याही डोळ्यांपुढे दुसऱ्याने केलेलं वर्णन येत राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेची रीत साधी आहे : बघा, ऐका, जोडून द्या. कुणाला घरी सोडायला हवं, कुणी जेवलेलं नाही, त्या मशीनवर उद्या कुणाची पाळी आहे, ते बघा. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, ज्याला नाही त्याला खोदू नका. नुकसानभरपाई, रजा, चौकशी यांची खरी माहिती व्यवस्थापनाकडून मिळवून द्या. अफवांमुळे भीती वाढते. महिनाभरानंतरही झोप, चिडचिड, दचकणं सुरू असेल तर तज्ज्ञांकडे पाठवा.

प्रश्न : कोर्स निवडताना काय पाहायचं? (कोल्हापूर)

भारतात ‘कोच’ या व्यवसायाला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे ‘सर्टिफाइड ट्रॉमा कोच’ हे बिरुद कुणीही देऊ शकतं. शिकवणाऱ्यांत परवानाधारक थेरपिस्ट आहे का? सराव किती तास, आणि त्यावर कुणी अभिप्राय देतं का? कोर्स संपल्यावर सुपरव्हिजन आहे का? ‘कुठे थांबायचं’ यावर स्वतंत्र भाग आहे का? दोन दिवसांत, दीडशे लोकांच्या हॉलमध्ये हे होत नाही. आणि व्यासपीठावर एखाद्याला बोलावून त्याची बालपणीची आठवण सर्वांसमोर उकरणारा, ‘एका सेशनमध्ये ट्रॉमा रिलीज’ म्हणणारा, मनाने लहान वयात मागे नेणारा कोर्स असेल, तर फी बुडाली तरी चालेल, पण तिथून उठा.

प्रश्न : कंपनी फी भरते. क्लायंटने वरिष्ठाकडून लैंगिक छळ झाल्याचं मला सांगितलं. एचआरला सांगू? (मुंबई)

तिच्या परवानगीशिवाय नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार करायची की नाही, हे ती ठरवते. अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. ही मुदत तिला नक्की सांगा. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर मात्र गोष्ट वेगळी : पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण असतं, ते कोचशी झालेल्या बोलण्याला नाही. हे सगळं करारात, तुम्ही, क्लायंट आणि कंपनी या तिन्ही पक्षांच्या सह्यांसकट, पहिल्या सेशनआधीच लिहिलेलं असावं. एचआरला काय कळेल तेही : सेशन झाली की नाही एवढंच, की उद्दिष्टांची प्रगतीही.

प्रश्न : माझे क्लायंट दुबई आणि न्यू जर्सीतले मराठी लोक आहेत. ऑनलाइन काही वेगळं लागतं का? (सांगली)

लागतं. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला ‘आत्ता कुठे आहात, एकटे आहात का’ हे विचारा, कारण शेजारच्या खोलीतच त्रास देणारी व्यक्ती असू शकते. सध्याचा पत्ता, जवळच्या माणसाचा नंबर आणि तिथला आपत्कालीन क्रमांक लिहून ठेवा. न्यू जर्सीत ९११ आणि मानसिक संकटासाठी ९८८, दुबईत पोलिसांसाठी ९९९. कॉल तुटला तर कुणी, किती मिनिटांत परत फोन करायचा, हेही आधी ठरवा.