कुतूहल म्हणून घरी डीएनए चाचणी करावी का? माहिती सुरक्षित राहते का?

माझं मत, नुसत्या कुतूहलापोटी नको. अमेरिकेतल्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीचंच बघा. २०२३ मध्ये चोरट्यांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून सुमारे १४,००० खाती उघडली. पण डीएनए जुळणाऱ्या नातेवाइकांची माहिती दाखवणाऱ्या सोयीमुळे जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ग्राहकांची जनुकीय माहितीही विक्रीला निघाली.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. सख्ख्या भावंडांशी आपला साधारण निम्मा डीएनए जुळतो. थुंकी तुम्ही देता, उघडे तेही पडतात. त्यांची संमती कोणी घेतली?

अमेरिकेतला २००८ चा कायदा जनुकीय माहितीवरून होणाऱ्या भेदभावापासून नोकरी आणि आरोग्य विम्यापुरतं संरक्षण देतो, आयुर्विम्याला तो लागू नाही.

चाचणी आधीच केली असेल तर खातं बंद करून माहिती पुसायला आणि नमुना नष्ट करायला सांगा.