आधी ओरिजिनचा तक्ता, मग देश

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. अमेरिकेचं गिऱ्हाईक थंडावलंय, रबाळ्याच्या युनिटमध्ये दोन सीएनसी मशीन रिकाम्या उभ्या आहेत, आणि तू भारताच्या सगळ्या व्यापार करारांची यादी काढून विचारतेस, "काका, यातला कुठला देश धरू?" यादी झकास आहे, प्रश्न चुकलाय. आधी आपला माल कुठला ठरतो ते बघ, देशाचं मग.

27 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर 50 टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं, तेव्हापासून जो तो "मार्केट डायव्हर्सिफाय कर" म्हणत सुटलाय. सरकार सह्या करतंय ते योग्यच आहे. पण सही देशाची असते, आयात ड्युटीतली सवलत मात्र एकेका कन्साइनमेंटला मिळते, तीही मालाचं भारतीय मूळ सिद्ध झालं तरच. तुझा बॉल व्हॉल्व्ह रबाळ्यात बनतो हे तुला-मला माहीत आहे. समोरच्या देशाच्या कस्टम्सला ते कागदावर दिसावं लागतं.

आता नीट बघ. व्हॉल्व्हचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये माल ओळखायचा आकडा, 8481.80. करार उघडला की प्रत्येक कोडसमोर त्याचा नियम असतो. पुष्कळ ठिकाणी दोन अटी एकत्र येतात: बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा सहा आकडी कोड बदलला पाहिजे, आणि एफओबी किमतीत, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या भावात, अमुक टक्के मूल्यवर्धन इथे झालं पाहिजे. चीनहून तू बॉडी कास्टिंग (व्हॉल्व्हचं ओतीव धड) आणतेस, ते 8481.90 मध्ये येतं, म्हणजे कोड बदलतो. अडतं ते मूल्यवर्धनात.

समजा नियम 40 टक्क्यांचा आहे. एफओबी 1000 रुपये, परदेशी माल 560 रुपयांचा. हजारातून 560 गेले, 440 उरले, म्हणजे 44 टक्के. पास. आता दुबईचा खरेदीदार घासाघीस करतो आणि तू खुशीत दहा टक्के सोडतेस. एफओबी 900. उरले 340. भागून बघ: 37.8 टक्के. नापास! सूट दिलीस ती दिलीस, वर पाच टक्के ड्युटी त्याच्या गळ्यात मारलीस. पुढच्या ऑर्डरला तो तीही तुझ्याच भावातून कापणार. भाव रुपयांत बांधलेला असताना डॉलर वधारला की कास्टिंग महागतं, तिथेही हाच घोळ होतो. म्हणून कोटेशन देण्याआधी ओरिजिनचा तक्ता मांड: एफओबी किती, त्यात परदेशी माल किती, उरलं किती टक्के. राजकोटच्या इन्व्हेस्टमेंट कास्टिंगचा (मेणाच्या नमुन्यावरून केलेल्या ओतकामाचा) दर तुला चढा वाटतो ना? परदेशी माल 560 वरून 380 वर आण आणि 900 च्या भावात पुन्हा मांड. 58 टक्क्यांच्या आसपास जातेस. मग सूट देताना हात थरथरणार नाही.

तुझ्या कॉस्ट शीटमध्ये एसएस (स्टेनलेस स्टील) रॉडसमोर "लोकल" लिहिलंयस. कळंबोलीच्या मार्केटमधून घेतला म्हणून रॉड लोकल होत नाही गं. व्यापाऱ्याचं जीएसटी बिल त्याने विकल्याचा पुरावा आहे, रॉड कुठे ओतला याचा नाही. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट माग, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या ओतीचा नंबर, रॉडवर मारलेल्या नंबराशी स्वतः ताडून बघ. जुळला आणि मिल भारतीय निघाली, तर देशी धर. नाहीतर परदेशी रकान्यात टाक. शंका असेल तरी परदेशीच. टेफ्लॉनच्या सीट, ग्रॅफाइट पॅकिंग, सगळ्यांना हाच न्याय. समोरच्या कस्टम्सची पडताळणी दोन वर्षांनीही येते आणि तेव्हा तो व्यापारी फोन उचलत नाही.

लोक म्हणतात, मी पोरांना जग दाखवायचं सोडून तक्ते भरायला बसवतो. बसवतो. प्रदर्शनात स्टॉल टाकून व्हिजिटिंग कार्डं गोळा करणं सोपं असतं. चांगले कारागीर त्यातच उमेदीची वर्षं घालवतात, त्याची हळहळ वाटते. माझं म्हणणं हेकट वाटेल, पण मी ते बदलणार नाही: आधी ओरिजिन.

तक्ता झाला की देश निवडताना पहिली गोष्ट बघ, करार नसताना तिथे ड्युटी किती आहे. स्वित्झर्लंडने 1 जानेवारी 2024 पासून औद्योगिक मालावरची आयात ड्युटी सगळ्या जगासाठीच काढून टाकली. मग एफ्टा (स्वित्झर्लंड, नॉर्वेसह चार युरोपीय देशांचा गट) कराराने तुझ्या व्हॉल्व्हला तिथे ड्युटीत जास्तीचं काय मिळालं? काही नाही. ऑस्ट्रेलियात आपल्याला 29 डिसेंबर 2022 पासून सवलत आहे, पण चीनचा ऑस्ट्रेलियाशी करार 2015 पासूनच चालू आहे, म्हणजे तिथे सवलत तुला एकटीला नाही. दुसरं, सही आणि अंमल यांत गल्लत करू नकोस. अमिरातीशी सही 18 फेब्रुवारी 2022 ला, अंमल 1 मेपासून. एफ्टाची सही 10 मार्च 2024 ला, अंमल 1 ऑक्टोबर 2025 ला. बातमी वाचून भाव कळवलास तर फसशील.

आणि दुबईत माल उतरवून सौदीला पाठवायची युक्ती कुणीतरी तुला सांगितलीय, ती सोड. अमिरातीची सवलत अमिरातीपुरतीच. तिथे नुसतं लेबल बदलून किंवा खोकं बदलून माल अमिरातीचा होत नाही, पॅकिंगसारखी किरकोळ कामं मूळ ठरवताना धरतच नाहीत.

शून्य ड्युटीने दार उघडतंच असंही नाही. वाशीच्या आंबेवाल्यांना विचार. 2014 मध्ये युरोपने हापूस अडवला तो फळमाशीमुळे, ड्युटीचा तिथे संबंध नव्हता. आता फळ 48 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून पाठवतात. तुझी फळमाशी म्हणजे युरोपातलं प्रेशर इक्विपमेंटचं (दाबाखालच्या उपकरणांचं) सीई मार्किंग हे सुरक्षिततेचं चिन्ह, आणि ऑस्ट्रेलियात प्लंबिंगच्या मालाला लागणारं वॉटरमार्क प्रमाणपत्र. त्याचा खर्च तक्त्याशेजारी मांड.

कागद एकदम सरळ ठेव. डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ओरिजिन सर्टिफिकेटचा अर्ज कॉस्ट शीटसकट भर, कंटेनर न्हावाशेवा बंदरात गेट-इन व्हायच्या, म्हणजे फाटकातून आत जायच्या, आधी. मागाहूनही मिळतं, पण तोवर तिकडे खरेदीदार ड्युटी भरून बसलेला असतो. इन्व्हॉइस, शिपिंग बिल आणि सर्टिफिकेट यांवरचा कोड, वर्णन, वजन अक्षरशः एक हवं. सीएचएने (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाने) शिपिंग बिलावर "एसएस व्हॉल्व्ह" आणि तू सर्टिफिकेटवर "बॉल व्हॉल्व्ह" लिहिलंस, एवढ्यावरही माल अडतो. कराराची जोडपत्रं जुन्या एचएस आवृत्तीवर असू शकतात, तर कोड ताडून घे. माल कोलंबोत जहाज बदलणार असेल, तर थेट शेवटच्या बंदरापर्यंतचं बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) घे. फाइल पाच वर्षं जप, हीट नंबरांसकट.

वेबिनारांची लिंक मला पाठवू नकोस. तुझ्या सर्वांत जास्त खपणाऱ्या तीन साइजचे तक्ते शुक्रवारपर्यंत पाठव. रॉडसमोर पुन्हा "लोकल" दिसलं, तर न वाचता परत करीन.

तुझा,
काका