मनःशक्तीला जादूचेच नियम लावावेत का?

प्रश्न : मी मित्रांसाठी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रांच्या भूमिका वठवण्याचा खेळ चालवतो. एका खेळाडूला मनाच्या बळावर वस्तू हलवणारे आणि इतरांचे विचार वाचणारे पात्र हवे आहे. ही मनःशक्ती म्हणजे जादू नव्हे, त्यामुळे जादू निष्फळ करणारे मंत्र तिच्यावर चालू नयेत, असा त्याचा आग्रह आहे. मी काय ठरवावे?

उत्तर : आपण हा आग्रह मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७४ साली आलेल्या या खेळात मनःशक्तीचे नियम १९७६ च्या पुरवणीतच आले. पुढे १९७८ च्या नियमपुस्तकात ती शक्ती फाशांच्या कौलावर एखाद्याच भाग्यवान पात्राला मिळे आणि तिच्या लढतीचे नियमही वेगळे असत, त्यामुळे बाकीच्यांना तेवढा वेळ प्रेक्षक व्हावे लागे. तिसऱ्या आवृत्तीने मात्र शहाणपणाचा मार्ग काढला : शक्ती वापरण्यासाठी गुणांचा साठा वेगळा, पण जादू रोखणारे उपाय जादू आणि मनःशक्ती दोन्हींना सारखेच लागू. हे सूत्र सोडले, तर जादूविरुद्ध सज्ज असलेला प्रत्येक शत्रू या एका पात्रापुढे निःशस्त्र ठरतो आणि नवे तोडगे शोधण्याचे ओझे आपल्यावर येते.

वेगळेपण हवेच, पण ते वापराच्या रीतीत असावे. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळात २०१५ साली आलेल्या मनोमंत्रांना शब्द आणि हस्तमुद्रा यांच्याऐवजी विचार आणि भावना लागतात. तोंडात बोळा आणि हात बांधलेले अशा अवस्थेत कोठडीत पडलेला जादूगार हतबल होतो, तर मनोमांत्रिक तिथेही आपले काम करू शकतो. मात्र ड्रॅगनच्या दर्शनाने त्याच्या मनात भीती शिरली, की भावनेवर चालणारे मंत्र त्याला वापरताच येत नाहीत. सामर्थ्य आणि मर्यादा एकाच मुळातून उगवल्यामुळे ही रचना मला फार आवडते.

आपल्या खेळात पाचव्या आवृत्तीचे नियम असतील, तर २०२० साली आलेला ‘अबेरंट माइंड’ हा सॉर्सररचा, म्हणजे अंगभूत जादू असलेल्या पात्राचा, उपप्रकार त्या खेळाडूला सुचवावा. सहाव्या पातळीपासून तो आपले मनःशक्तीचे मंत्र सॉर्सरी पॉइंट (सॉर्सररचे खास गुण) खर्चून शब्द आणि हावभाव यांशिवाय वापरू शकतो. ‘काउंटरस्पेल’ या दुसऱ्याचा मंत्र अडवणाऱ्या मंत्रासाठी समोरची व्यक्ती मंत्र टाकताना दिसावी लागते, म्हणून गुपचूप टाकलेला मंत्र बहुधा अडवला जात नाही, खेळाडूला हवा असलेला फायदा त्याला इथे रास्त किंमत मोजून मिळतो.

याच खेळाच्या ‘डार्क सन’सारख्या, बहुतेकांकडे थोडीफार मनःशक्ती असलेल्या विश्वात दोन्हींचे नियम पूर्णपणे वेगळे ठेवायला हरकत नाही, कारण तिथे बचावही सर्वांच्या हाती असतो.