शेपू आणला की सगळ्यांची तोंडं वाकडी

प्रश्न : काकू नमस्कार, मी ऐरोलीला राहते. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. सासूबाई सोलापूरकडच्या, त्यांना शेपू म्हणजे जीव की प्राण आणि बाकीच्यांना वाससुद्धा नको. नवरा म्हणतो डब्यात दिलीस तर ऑफिसात झाकण उघडायची चोरी, धाकटा तर भाजी फोडणीला टाकली की बेडरूमचं दार लावून बसतो. मी शेपू आणि मूगडाळ एकत्र कुकरला लावते, एक शिट्टी काढून मग फोडणी देते, पण भाजी पाणचट होते आणि वास काही जात नाही. रोज सकाळी दोन-दोन भाज्या कोण करणार?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : अगं आधी तो कुकर बाजूला ठेव, अर्धं दुखणं तिथेच आहे. शेपूचा वास असतो पानातल्या तेलाचा आणि ते तेल उडून जाणारं, आता तू झाकण लावून शिट्टी काढलीस तर ते जाणार कुठे, भाजीतच बसणार ना. म्हणून डाळ झाकून आणि पाला उघडा, एवढं लक्षात ठेव. एका जुडीला अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजव. कढईत तेल जरा हात सैल सोडून घाल, मोहरी, हिंग, दहा-बारा लसूण पाकळ्या ठेचून, हिरव्या मिरच्या, एक कांदा, मग डाळ घालून पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवायचं. डाळ बोटाने दाबली की तुटली पाहिजे पण आख्खी दिसली पाहिजे, तेव्हा चिरलेला शेपू टाकायचा, गॅस मोठा, झाकण अजिबात नाही, एक्झॉस्ट चालू. पाच-सात मिनिटांत होते. मीठ शेवटी, कारण पाला बसतो आणि आधी अंदाजाने घातलं की खारट होतं, आणि उतरवताना दाण्याचं कूट दोन चमचे.

जिरं घालत असशील तर बंद कर. जिरं, ओवा, बडीशेप, धणे ही सगळी शेपूचीच भावकी, त्याच वासाला जोर येतो. लसूण मात्र भरपूर.

पाणचट होते त्याचं कारण बहुतेक धुण्यात आहे. जुडी आधी धुवायची, चाळणीत चांगली निथळू द्यायची, मग चिरायची. वाशी मार्केटचा पाला पहाटेच उतरतो, त्यामुळे सकाळी घेतलेली जुडी आणि रात्री ऑफिसहून येताना स्टेशनबाहेर घेतलेली जुडी यात फरक पडतोच, आणि पिवळे तुरे आलेली तर घेऊच नको. जाड देठ काढून टाक.

आता मुलांचं. पराठ्यात लपवून देऊ नको बाई, एकदा कळलं की पुढे पालकाच्या पराठ्यालाही पोरं नाकाशी नेऊन बघतात. सरळ सांगून थालीपीठ कर, तीन वाट्या भाजणीला दोन मुठी शेपू, तीळ, लसूण, वर लोणी. नवऱ्याच्या डब्यालाही हेच, तिथे भाजीचा हट्ट धरू नको. नाहीतर डाळ-पालक करतेस त्यात तीन भाग पालक एक भाग शेपू, मग हळूहळू वाढव.

आणि सोलापूरकडच्या सासूबाई घरात आहेत तर शेपूची फळं त्यांनाच करायला सांग की! ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, चिरलेला शेपू, लसूण-मिरची मळून छोटे गोळे दाबून वाफवायचे आणि लसणाच्या फोडणीत खरपूस परतायचे. आजीने केलं की नातवंडं जरा तरी चाखतात, आणि त्यांनाही आपल्यासाठी वेगळा घाट घालावा लागतो हे वाटणार नाही.

रात्री मात्र शेपू नको, ढेकरा येतात आणि मग परत तेच रामायण. बाकी गौरी आल्या की हीच मंडळी शेपूची भाजी-भाकरी नैवेद्य म्हणून गुमान खात असतील, तेव्हा वास कुठे जातो हे नवऱ्याला माझ्याकडून विचार.

प्रश्न : मिस्टरांना दुधी म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं. काय करू?
— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : तू तो मऊ गाळ शिजवत असशील म्हणून. चणाडाळ दोन तास भिजवून घाल, गोडा मसाला, चिंच-गूळ, वर ओलं खोबरं, आणि फोडी मोडायच्या आत गॅस बंद. पण चिरल्यावर एक छोटी फोड कच्ची चाखून बघत जा हं, कडू लागली तर लगेच थुंकायची आणि आख्खा दुधी टाकून द्यायचा, मीठ-गूळ घालून सुधारत बसायचं नाही, कडू दुधीने उलट्या-जुलाब होऊन लोक हॉस्पिटलात गेलेत.